हवेचा पडदा

हवेचा पडदा, प्रचलित नावाने एअर कर्टन, हे उघड्या दारावर किंवा दाराच्या बाजूला बसवले जाणारे यंत्र आहे. त्यातील पंखा हवा खेचून एका लांब, अरुंद फटीतून वेगाने बाहेर सोडतो. या झोतामुळे दाराच्या संपूर्ण रुंदीत हवेची एक पातळ भिंत उभी राहते आणि आतली व बाहेरची हवा एकमेकींत मिसळण्याचे प्रमाण घटते. माणसे, ढकलगाड्या व माल मात्र तिच्यातून विनाअडथळा ये-जा करू शकतात. वातानुकूलित दुकाने, उपाहारगृहे, रुग्णालये, अन्नप्रक्रिया उद्योग आणि शीतगृहे येथे त्याचा उपयोग होतो.

हवेचा पडदा म्हणजे दार नव्हे. तो हवेची देवाणघेवाण कमी करतो, थांबवत नाही. चांगल्या प्रतीचा आणि योग्य रीतीने बसवलेला पडदा उघड्या दारातून होणारी देवाणघेवाण साधारणपणे ६० ते ८० टक्क्यांनी कमी करू शकतो, पण चुकीच्या जागी बसवलेला पडदा तीच देवाणघेवाण वाढवतोही. त्यामुळे यंत्राच्या किमतीपेक्षा त्याची निवड अधिक महत्त्वाची ठरते. पुणे जिल्ह्यातील भाजे, लोणावळा आणि एकूणच मावळ परिसर या निवडीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मुसळधार पाऊस, घाटमाथ्यावरचा वारा, पर्यटकांसाठी दिवसभर उघडी राहणारी दुकाने आणि फुलांची शीतगृहे हे सारे येथे एकाच तालुक्यात आढळते.

== इतिहास ==

हवेच्या झोताने दार ‘बंद’ करण्याच्या कल्पनेचे पेटंट १९०४ च्या सुमारास थिओफिलस व्हॅन कॅनेल या अमेरिकी संशोधकाच्या नावावर नोंदले गेले. फिरत्या दाराचे १८८८ मधील पेटंटही त्याचेच होते. दोन्ही शोधांमागे प्रश्न एकच होता: लोकांची वर्दळ न थांबवता वारा आणि थंडी बाहेर कशी ठेवायची? पुढील काळात शीतगृहे व वातानुकूलन यांचा प्रसार झाला, तसा पडद्याचा वापर वाढला. १९६९ मध्ये एफ. सी. हेज आणि डब्ल्यू. एफ. स्टोकर यांनी पडद्याचा झोत कोणत्या परिस्थितीत जमिनीपर्यंत पोहोचतो आणि कोणत्या परिस्थितीत वाटेतच वळून जातो, याचे गणित प्रसिद्ध केले. आजही पडद्याच्या आखणीचा पाया तेच गणित आहे.

== कार्यतत्त्व ==

दार उघडताच आतबाहेरच्या तापमानातील फरकामुळे हवा आपोआप वाहू लागते. थंड हवा जड असल्याने ती दाराच्या खालच्या भागातून बाहेर ओघळते आणि तिच्या जागी वरच्या भागातून उष्ण हवा आत शिरते. आत २५ अंश सेल्सिअस व बाहेर ३३ अंश असताना १ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दारातून, वारा अजिबात नसला तरी, तासाला सुमारे १,१०० घनमीटर हवेची अदलाबदल होते. एखाद्या लहान दुकानातील सगळी हवा काही मिनिटांत बदलून जावी एवढे हे प्रमाण आहे.

पडद्याचा झोत या प्रवाहाला आडवा येतो. फटीतून निघताना झोताचा वेग सर्वाधिक असतो. खाली येताना तो आजूबाजूची हवा ओढून घेतो, रुंदावतो आणि मंदावतो. ५ सेंटिमीटर रुंद फटीतून सेकंदाला १० मीटर वेगाने निघालेला झोत २.१ मीटर खाली जमिनीवर पोहोचेपर्यंत त्याच्या मध्यावरचा वेग सुमारे ३.७ मीटरपर्यंत उतरतो. त्यातून वाहणारी हवा मात्र जवळपास चौपट झालेली असते. ही जादा हवा दोन्ही बाजूंनी ओढलेली असते. जमिनीवर आदळल्यावर झोत दुभंगतो व त्याचा एक भाग आत, तर दुसरा बाहेर जातो. पडद्याची कार्यक्षमता शंभर टक्के का होऊ शकत नाही, याचे कारण या मिसळण्यातच आहे.

यावरून एक गैरसमज दूर होतो. झोत जितका जोरदार तितका पडदा चांगला, असे दुकानात सांगितले जाते. प्रत्यक्षात झोत जमिनीपर्यंत सलग पोहोचण्यास पुरेल एवढाच जोर हवा. त्याहून कमी असल्यास तो मध्येच वळतो आणि दाराचा खालचा भाग उघडा पडतो. गरजेपेक्षा खूप अधिक असल्यास आतली थंड हवा ओढून बाहेर फेकण्याचे काम पडदाच करू लागतो, शिवाय आवाज व वीजखर्च वाढतो तो वेगळाच.

== प्रकार ==

हवा खोलीतून घेऊन तशीच सोडणारा साधा पडदा भारतात सर्वाधिक वापरला जातो. थंड देशांत त्यात विजेची किंवा गरम पाण्याची तापक कुंडले बसवतात, कारण तेथे दारातून येणाऱ्या माणसाला थंड झोत असह्य होतो. महाराष्ट्राच्या हवामानात तापक असलेला पडदा घेण्याचे सहसा कारण नाही. दाराच्या एका बाजूने सोडलेली हवा समोरच्या बाजूने किंवा जमिनीतील जाळीतून परत खेचणारा पुनरभिसरण पडदा अधिक कार्यक्षम असतो, मात्र त्यासाठी फरशी फोडून नलिका घालाव्या लागतात आणि त्या जाळीत धूळ, पाणी व कचरा साचतो. खूप उंच औद्योगिक दारांना वरून येणारा झोत पुरत नाही, अशा ठिकाणी उभे पडदे दोन्ही बाजूंना बसवतात.

== निवड ==

=== मापे ===

पडद्याची लांबी दाराच्या मोकळ्या रुंदीएवढी किंवा तिच्याहून किंचित अधिक असावी लागते. चार फुटी दारावर तीन फुटी पडदा बसवल्यास उरलेल्या एका फुटातून हवा बिनदिक्कत वाहते आणि उरलेल्या तीन फुटांचा फायदाही बऱ्याच अंशी वाया जातो. रुंद दारावर एकापेक्षा अधिक पडदे शेजारी शेजारी लावता येतात, पण त्यांच्या फटींमध्ये अंतर राहता कामा नये.

उंची मोजताना दाराची नव्हे, तर फटीपासून जमिनीपर्यंतची उंची धरावी. ही चूक फार आढळते. शटरची पेटी किंवा नामफलक यांमुळे पडदा दाराच्या चौकटीपेक्षा दीड-दोन फूट वर बसतो आणि २.१ मीटरसाठी घेतलेल्या यंत्राला २.७ मीटरचे काम करावे लागते. हवेच्या घनतेतील फरकाविरुद्ध टिकण्यासाठी झोताला लागणारा जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे उंची २.१ वरून २.७ मीटर झाली, की तोच परिणाम साधण्यासाठी सुमारे ६५ टक्के अधिक जोर लागतो.

उत्पादकाच्या माहितीपत्रकातील वेग बहुधा फटीच्या तोंडाशी मोजलेला असतो. खरेदीदाराने जमिनीलगतचा वेग विचारावा. अमेरिकेतील ऊर्जासंहितांनी दुहेरी दारांच्या ऐवजी हवेचा पडदा चालवून घेताना जमिनीलगत सेकंदाला किमान २ मीटर वेगाची अट घातली आहे. चाचणी कशी करावी हे आयएसओ २७३२७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात व एएमसीए २२० या अमेरिकी मानकात दिले आहे. अशा चाचणीचा उल्लेख नसलेल्या माहितीपत्रकातील आकड्यांवर फार विसंबू नये.

=== वारा ===

तापमानातील फरकापेक्षा वारा हा पडद्याचा मोठा शत्रू आहे. वर दिलेल्या दुकानाच्या उदाहरणात आठ अंशांच्या फरकामुळे दाराच्या पूर्ण उंचीत निर्माण होणारा दाबातील फरक सुमारे ०.६ पास्कल आहे. ताशी १८ किलोमीटर वेगाचा, म्हणजे झाडाच्या लहान फांद्या हलवणारा वारा थेट दारावर आला, तर त्याचा दाब सुमारे १४ पास्कल भरतो. तो तेवीसपट आहे. अशा वाऱ्याचा दारावरील एकूण रेटा रुंदीच्या दर मीटरमागे २९ न्यूटनच्या आसपास जातो, तर वर सांगितलेल्या झोताचा जोर जेमतेम साडेपाच न्यूटन असतो. हा सामना बरोबरीचा नाही.

वाऱ्याचा हा पूर्ण रेटा जाणवतो तो मागची बाजू उघडी असेल तेव्हा. मागचे दार, खिडक्या व झरोके बंद असल्यास खोलीतील दाब वाढून बाहेरच्या दाबाशी जवळपास बरोबरी साधतो आणि पडद्यावरचा भार बराच हलका होतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेने तोंड असलेल्या दारासाठी मोठा पडदा घेण्याआधी मागचे दार आपोआप मिटणारे करावे. हा उपाय स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा अधिक परिणामकारकही ठरतो. झोत वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या बाजूला ५ ते १५ अंशांनी कलता ठेवल्यास त्याची प्रतिकारशक्ती थोडी वाढते. कल त्याहून फार वाढवला तर आतली हवा बाहेर जाऊ लागते.

=== खोलीतील दाब ===

स्वयंपाकघरातील धूर काढणारा पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत यावी लागते. तिला दुसरी वाट नसेल, तर ती पुढच्या दारातूनच येते. तासाला ३,००० घनमीटर हवा काढणारा पंखा १ मीटर रुंद दारातून सेकंदाला ०.४ मीटर वेगाने सतत हवा आत खेचतो. त्यामुळे पडद्याचा झोत आतल्या बाजूला वळतो आणि धूळ व माश्या यांना सोबत घेऊनच आत येतो. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील उपाहारगृहांसारख्या, एकाच इमारतीत पुढे बैठक व मागे भटारखाना असलेल्या ठिकाणी पडदा ‘काम करत नाही’ याचे कारण पडद्यात नसून पुष्कळदा भटारखान्यातील पंख्यात असते. स्वयंपाकघराला ताजी हवा पुरवणारी स्वतंत्र वाट केल्याशिवाय तेथे कोणताही पडदा उपयोगी पडत नाही.

=== बसवण्याची जागा आणि नियंत्रण ===

दुकानात पडदा आतल्या बाजूला, दाराच्या माथ्याला अगदी लागून बसवतात. शीतगृहात तो सहसा उष्ण बाजूला, म्हणजे बाहेर लावतात, कारण थंड बाजूला लावल्यास पंख्यावर व फटीत दव किंवा बर्फ जमते. दार उघडताच पडदा सुरू व मिटताच बंद करणारी कळ असावी. दार मिटलेले असताना चालू राहणारा पडदा केवळ वीज खातो आणि फटींतून हवा मिसळतो. पंख्याची पाती व फट यांवर धूळ आणि तेलाचा थर बसल्यास झोत फाटतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी सफाई करता येईल अशी रचना पाहावी. दमट प्रदेशात साध्या रंगवलेल्या पत्र्याऐवजी गंजरोधक आवरण आणि बंदिस्त मोटर घेणे हिताचे असते.

== मावळातील परिस्थिती ==

लोणावळ्याचा वार्षिक पाऊस सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक आहे. तेथून पूर्वेकडे, मळवली, भाजे, कामशेत असे जाताना तो झपाट्याने घटतो आणि पुणे शहरात सुमारे ७०० मिलिमीटरवर येतो. त्यामुळे एकाच तालुक्यात दारांचे प्रश्न बदलत जातात.

पावसाळ्यात घाटमाथ्यावरील बाहेरचे तापमान वातानुकूलित खोलीच्या तापमानाएवढेच किंवा त्याहून कमी असते. अशा वेळी पडदा उष्णता रोखतो असे म्हणण्यात अर्थ उरत नाही, कारण रोखण्याजोगी उष्णताच नसते. प्रश्न असतो तो ओलाव्याचा. २५ अंश तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या एक किलो हवेत सुमारे १९ ग्रॅम पाण्याची वाफ असते, तर त्याच तापमानाच्या पण ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुमारे १२ ग्रॅम. चिक्कीतील गूळ व साखर हवेतील ओलावा शोषून घेतात. मोकळी ठेवलेली चिक्की पावसाळ्यात चिकट होते ती त्यामुळेच. मात्र हा ओलावा मुख्यतः वाऱ्याबरोबर येत असल्याने पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात पडद्याचा लाभ मर्यादित राहतो. हवाबंद बरण्या व काचेची कपाटे हेच चिक्कीचे खरे संरक्षण होय.

माश्यांच्या बाबतीत पडदा अधिक उपयोगी ठरतो, परंतु तेथेही त्याची जागा पूरक आहे. अन्न सुरक्षा व मानके (अन्न व्यवसायांचा परवाना व नोंदणी) विनियम, २०११ यांच्या चौथ्या अनुसूचीत अन्न हाताळणाऱ्या जागांची दारे-खिडक्या जाळीने संरक्षित असाव्यात आणि दारांना ती आपोआप मिटवणाऱ्या स्प्रिंग असाव्यात अशी अपेक्षा आहे. पडदा बसवला म्हणून जाळीची गरज संपली, असे समजू नये. कीटक रोखण्यासाठी झोत बाहेरच्या बाजूला कलता आणि तापमान राखण्यासाठी लागतो त्याहून अधिक वेगाचा असावा लागतो. दोन्ही हेतू एकाच यंत्राकडून साधायचे, तर कशाला अग्रक्रम द्यायचा हे आधी ठरवावे.

=== फुलांची शीतगृहे ===

मावळ तालुका हरितगृहातील गुलाबांसाठी प्रसिद्ध असून तळेगाव दाभाडे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे पुष्पोद्यान क्षेत्र आहे. फेब्रुवारीतील व्हॅलेंटाइन दिनासाठी येथील गुलाब परदेशी जातात. तोडणीनंतर फुले २ ते ४ अंश तापमानात ठेवली जातात आणि प्रतवारी, बांधणी व गाडीत भरणे यांसाठी थंड खोलीचे दार पुनःपुन्हा उघडले जाते. हवेच्या पडद्याचा सर्वांत ठोस हिशेब याच दारावर मांडता येतो.

खोलीत २ अंश आणि बाहेर पावसाळ्यातील २५ अंश, ९० टक्के आर्द्रतेची हवा असताना १.५ मीटर रुंद व २.४ मीटर उंच दार पूर्ण उघडे राहिल्यास सेकंदाला जवळपास १ घनमीटर हवेची अदलाबदल होते. शंभर घनमीटरची खोली दोन मिनिटांच्या आत आपली बहुतेक थंड हवा गमावते. आत आलेल्या प्रत्येक किलो हवेसोबत सुमारे १५ ग्रॅम अतिरिक्त पाणी येते, म्हणजे दर मिनिटाला सुमारे एक लिटर. हे पाणी शीतकाच्या नळ्यांवर बर्फ होऊन बसते, भिंतींवरून ओघळते आणि पाकळ्यांवर दव धरते. ओल्या पाकळ्यांवर करड्या बुरशीचा प्रादुर्भाव होतो. तिचे डाग खोलीत दिसत नाहीत, ते माल पोहोचल्यावर पेटी उघडली की दिसतात. शेतकऱ्याचे नुकसान विजेच्या बिलापेक्षा येथे अधिक होते.

अशा दारावर ७० टक्के कार्यक्षमतेचा पडदा आत येणारे पाणी मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटरवर आणू शकतो. पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा यापेक्षा स्वस्त असतो आणि वीज घेत नाही, परंतु पट्ट्या फुलांच्या जुड्यांना घासतात, धुरकट होतात आणि कामगार त्या बाजूला बांधून ठेवतात. बांधून ठेवलेल्या पट्ट्यांचा उपयोग शून्य. दिवसातून मोजक्याच वेळी उघडणाऱ्या दाराला मात्र यांपैकी काहीच नको. ते पटकन मिटवण्याची शिस्त पुरते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील मावळात हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के विरळ असते. त्यासाठी मोठा पडदा घ्यावा, असा सल्ला कधी कधी मिळतो. तो निराधार आहे. झोताची हवा जेवढी हलकी होते तेवढाच थंड व उष्ण हवेच्या घनतेतील फरकही घटतो आणि दोन्हींचे गुणोत्तर तसेच राहते.

=== भाजे ===

भाजे येथील लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून खोदलेली असून त्यांतील चैत्यगृह, म्हणजे लेणे क्रमांक १२, सुमारे १८ मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे. आज त्याची घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान पूर्णपणे उघडी दिसते. मूळ रचनेत तिच्या खालच्या भागाला लाकडी दर्शनी पडदा होता आणि तो बसवण्यासाठी खडकात केलेल्या खोबणी अजून ओळखता येतात. इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडील कार्ले येथे नंतरच्या काळात हाच पडदा दगडात कोरला गेला. पश्चिमेचा वारा व पाऊस यांपासून आतल्या जागेचे रक्षण करण्याचा प्रश्न या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी लाकूड आणि दगड यांनी सोडवला होता. एवढ्या रुंद व उंच तोंडासाठी हवेचा पडदा आजही पर्याय ठरत नाही. त्याशिवाय लेणी राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असल्याने तेथे असे काही बसवण्याचा विचारही होऊ शकत नाही.

स्मारकाच्या संरक्षणाचा परिणाम आसपासच्या दारांवर मात्र होतो. प्राचीन स्मारके कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित, तर त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. वाऱ्याच्या प्रदेशात उघड्या दारावरचा उत्तम उपाय म्हणजे देवडी, अर्थात एकापाठोपाठ दोन दारे असलेली प्रवेशखोली. जुन्या वाड्यांची देवडी पहाऱ्यासाठी असली, तरी वारा अडवण्याचे कामही ती आपसूक करत असे. प्रतिबंधित क्षेत्रात अशी नवी देवडी बांधता येत नाही. त्यामुळे तेथील आधीपासून उभ्या असलेल्या दुकानाला किंवा उपाहारगृहाला दाराच्या आत बसणारा हवेचा पडदा आणि आपोआप मिटणारे दार एवढेच मार्ग उरतात.

== मर्यादा ==

पडद्याचा आवाज लहान खोलीत त्रासदायक होतो. वाचनालय, दवाखाना अशा जागी खरेदीपूर्वी यंत्र चालवून पाहणे इष्ट. वीजपुरवठा खंडित होताच पडदा नाहीसा होतो, म्हणून पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या भागातील शीतगृहाने तो जनित्रावर जोडलेला ठेवावा किंवा जोडीला घट्ट मिटणारे सरकते दार राखावे. पाऊस अडवण्याचे काम पडदा करू शकत नाही. वाऱ्याबरोबर तिरपे येणारे थेंब झोत सहज भेदतात आणि पंख्याच्या तोंडाशी आलेले पाणी मोटर बिघडवते. दारावर पुरेशी लांब पागोळी किंवा छज्जा नसल्यास आधी तो करून घ्यावा लागतो.